‘उचल’मधला ‘उ’

आत्या माझी आहे. माझ्या वडिलांची सख्खी बहीण. हे असं मुद्दाम सांगावं लागतंय यातच सगळं आलं, कारण आमच्या मंडळातल्या कुणालाही विचारलंत तर तो सांगेल की आत्या माझ्या साडूची आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याची बेकरी आहे. माणूस गोल, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कुणाच्याही डोळ्यांत खुपणार नाही असा. माझ्या मात्र खुपतो. माझं चष्म्याचं दुकान आहे, तेव्हा डोळ्यांत काय खुपतं ते मला चार लोकांपेक्षा जास्त कळतं.

आत्यानं उभा जन्म गोदीत वेल्डिंग केलं. तेव्हा त्या कामात दुसरी बाई नव्हती. कुणी कौतुक करायला गेलं की ती म्हणायची, “बाजूला हो, ठिणगी उडेल.” निवृत्त झाल्यावर तिनं घरामागच्या शेडमध्ये गॅसचे सिलिंडर आणून ठेवले आणि आतोबांची जुनी गाडी खोलायला घेतली. आतोबा जाऊन बराच काळ झाला होता. गाडी छोटी, दोन दारांची, मागून बेडकासारखी गोल. खालून गंजानं इतकी खाल्लेली, की दारातून आत हात घातला तर तो थेट खालच्या जमिनीला टेकायचा.

जुन्या गाड्यांचं वेड असलेल्यांना एक नाक जास्तीचं असतं. कुठे एक गाडी उघडी पडली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून माणसं वास काढत येतात. पहिले आले पोस्टमास्तर. तेही निवृत्त, आणि त्यांची गाडी इतकी लांब, की ती वळवायची म्हटलं तर शेजारच्यांना कुंड्या आत घ्याव्या लागतात. मग आणखी दोघं-तिघं आले. दर रविवारी सकाळी शेडमध्ये आमचं मंडळ भरायला लागलं. पाटी नाही, अध्यक्ष नाही. सडलेला पत्रा कापायचा, नवा ठोकून आकाराला आणायचा आणि दोन्ही जोडायचे, हे सगळं आत्याकडून शिकायचं.

त्यात माझा नंबर पहिला. पोस्टमास्तरांच्याही आधीचा. ज्योत कशी पेटवायची, तिचं आतलं निळं टोक किती लांब ठेवायचं, हे आत्यानं माझा हात धरून मला शिकवलंय. हे मी दर नव्या माणसाला सांगायचो. जुन्यांनाही अधूनमधून सांगायचो.

आत्याची शिकवायची एक तऱ्हा होती. तुम्ही दोन पट्ट्या जोडून तिच्यासमोर धरल्यात तर ती पुढच्या बाजूकडे ढुंकूनही बघायची नाही. म्हणायची, “पाठ दाखव.” पट्टी उलटायची. सांधा आरपार वितळला असेल तर मागच्या बाजूला एक बारीक, सलग धार उमटते. ती असेल तर सांधा झाला. नसेल तर ती पट्टी शिकंज्यात धरायची आणि हातोडीचा एक ठोका द्यायची. बस, एकच.

माझे सांधे पुढून बघावेत. घट्ट घातलेल्या वेणीसारखे पेड. पोस्टमास्तर तर म्हणायचे, याच्यावर रंग मारणं म्हणजे पाप. पण आत्याचा ठोका बसला की माझी पट्टी दोन हातांत दोन व्हायची. “तोंडावर गोड, पाठीमागे कोरडा,” आत्या म्हणायची, आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. आत्याच्या तोंडच्या शिव्या खाण्याचा मान माझ्याइतका कुणाला नव्हता.

साडूला तिथे मीच नेलं. मेव्हणी म्हणाली, रविवारी हे नुसते बसून असतात. बायको म्हणाली, न्या ना हो त्यांना. मी नेलं. खरं सांगायचं तर मला त्याला दाखवायचं होतं. सासरच्या प्रत्येक समारंभात त्याच्या केकचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते. म्हटलं, बघू दे जरा खऱ्या आगीचं काम.

तो आला तो गरम पावांची पिशवी घेऊन. त्याच्याकडे जुनी गाडी नाही. जुनी काय, धड गाडीच नाही, पाव पोचवायची एक व्हॅन आहे. आत्यानं गमतीनं त्याच्या हातात वेल्डिंगचा टॉर्च दिला. त्यानं जो सांधा मारला तो मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. गवंड्यानं रागात थापलेला गिलावा. मी पोस्टमास्तरांकडे बघून डोळे मिचकावले.

“पाठ दाखव,” आत्या म्हणाली.

त्यानं पट्टी उलटली. मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत धार. आत्यानं ठोका दिला. दुसरा दिला. मग तिनं पट्टी बोटानं चाचपली आणि विचारलं, “बाळ, कुठे शिकलास?”

“शिकलो कुठे, आत्या. दिवसभर भट्टीसमोर उभा असतो. आतपर्यंत भाजलंय की नाही ते रंगावरून कळतं.”

बाळ! पोट सुटलेला, डोक्यावर चंद्र उगवलेला माणूस, आणि बाळ. मला ती ‘अरे’ म्हणते. मी शाळेत जायला लागल्यापासून मी ‘अरे’ आहे. आणि तो तिला सरळ ‘आत्या’ म्हणाला. नात्यानं ती त्याची कोण? काही नाही. पण त्या रविवारपासून ती त्याची आत्या झाली, आणि माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती काही खाली उतरली नाही.

त्यानंतर मी काम कमी आणि त्याला जास्त बघायला लागलो. काळ्या चष्म्यामागून कुणाला कळतंय? तो कोपऱ्याशी आला की घाई करतो. श्वास रोखून धरतो आणि सोडायचा विसरतो. सांध्यात वितळवायची हातातली तार संपत आली की त्याचं लक्ष तारेकडे जातं आणि टॉर्च क्षणभर जास्त रेंगाळतो. त्याची एकेक चूक मला पाठ झाली. गंमत म्हणजे त्या चुका घेऊनही त्याचे सांधे तुटत नव्हते, माझे बिनचूक सांधे तुटत होते.

मग आत्याचा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा बशीत सांडायला लागला, मग ज्योत पत्र्यावर ठरेना. तिची गाडी जवळजवळ जोडून झाली होती. राहिला होता एक सांधा: मागच्या काचेखाली, जिथे डावा मडगार्ड मूळ बॉडीला मिळतो तिथला. मडगार्डचा पत्रा तिनं स्वतः ठोकून घडवलेला, कोरा. बॉडीचा पत्रा जुना, आतोबांच्या वेळचा. वरून पुट्टी थापून सांधा लपवणाऱ्यांना ती आयुष्यभर नावं ठेवत आली होती, तेव्हा तो सांधा उघडाच मारायचा होता आणि एकदाच मारायचा होता.

एका रविवारी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, “माझा हात आता भरवशाचा राहिला नाही. हा सांधा तुमच्यातल्या एकानं मारायचा. जो मारेल, टॉर्च त्याचा. पुढे शेडही त्यानंच चालवायची. कोण ते पुढच्या खेपेला सांगते.”

मला त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. पोस्टमास्तर म्हणाले, “तुमचंच नाव येणार,” आणि मी ज्याला खात्री असते त्याच्या नम्रपणानं म्हणालो, “बघू या, आत्या काय म्हणते ते.” तो आठवडाभर मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आत्यासाठी एक काळा चष्मा तयार केला, तिच्या नंबरचा. मी सांधा मारताना तिला नीट दिसावं म्हणून.

रविवार आला. आत्या म्हणाली, “सांधा बाळ मारेल. अरे, तू डिकीत.”

पोस्टमास्तरांनी पटकन बॉनेटखाली डोकं घातलं. साडू गोरामोरा झाला, म्हणाला, “आत्या, अहो साडूभाऊ असताना मी कसा...” ते बोलणं मला जास्त झोंबलं. एखाद्यानं आपल्या ताटातलं ओढून घ्यावं आणि वर म्हणावं, तुम्ही घ्या ना.

सगळे गेल्यावर मी आत्याच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. ती कप विसळत होती. मी काही ठरवून बोललो नाही, जे तोंडाला आलं ते बोललो.

“मी तुझा भाचा आहे.”

“मला माहीत आहे. मी नाव ठेवायला हजर होते.”

“पहिल्या दिवसापासून मी आहे. त्यानं काय केलं? पाव आणले!”

“पाव चांगले असतात.”

“आत्या, माझा सांधा बघ आणि त्याचा बघ.”

“बघते की. म्हणून तर.” तिनं कप उपडा घातला. तिच्या हातानं तो बशीवर वाजत राहिला, तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. “तुझं लक्ष कुठे असतं सांगू? कोण बघतंय याच्याकडे. सांधा मारताना तू अर्धा मागे वळलेला असतोस. त्याला आपण बसलोय की उभे आहोत तेसुद्धा कळत नाही.”

“मग मला डिकीत तरी कशाला कोंबतेस? पोस्टमास्तरांना बसव.”

“त्यांना काय दिसणार आहे? जुना पत्रा आतून कुठे किती पातळ झालाय ते बाहेरून कळत नाही. आतून कुणीतरी पाठ बघत सांगत राहायला हवं. आणि त्याच्या चुकांवर तुझ्याइतका डोळा ठेवून कोण बसलंय इथे? कधी घाई करतो, कधी रेंगाळतो, सगळं तुला तोंडपाठ. मला काय दिसत नाही असं वाटतं तुला?”

चोरी पकडली गेली होती, आणि वर त्या चोरीलाच कामाला जुंपलं होतं. मी केलेला चष्मा माझ्या खिशात तसाच होता. तो तिथे ओट्यावर ठेवून मी निघून आलो.

घरी बायकोनं ताट वाढलं. मी म्हणालो, भूक नाही.

“पोटात दुखतंय का?”

“अजिबात नाही.”

“मग जेवा.”

“म्हटलं ना, इच्छा नाही.”

“तेच म्हणतेय मी, पोटात दुखतंय,” ती म्हणाली. मग माझ्यासमोर बसली. “अहो, सख्खा भाऊ असता तर लहानपणीच हे सगळं उरकलं असतं. आता या वयात गोवर निघाल्यासारखं झालंय तुम्हाला.”

“तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचीच बाजू घे तू.”

“मी जेवणाची बाजू घेतेय. गार होतंय ते.”

जेवलो. पण मनातून काही ते गेलं नाही. आठवडाभर दुकानात लोकांना विचारत होतो, वरची ओळ दिसते का, खालची दिसते का, आणि मला स्वतःला एकच दिसत होतं: साडू टॉर्च घेऊन उभा आहे आणि मी डिकीत गुडघे मुडपून पडलोय.

त्या रविवारी तसंच झालं. गाडीच्या सीट, टाकी, सगळं आधीच काढलेलं होतं. मी ओली गोणी अंगाखाली घेऊन डिकीत आडवा झालो. नाकासमोर तो सांधा, आतल्या अंगानं. आत्यानं कामाआधी पुन्हा एकदा दोघांना नियम सांगितला. आम्हाला तो माहीत होता, पण गोदीची सवय.

“आतून एकच शब्द. चल. पाठीवर धार नीट येतेय तोवर चल, चल, म्हणत राहायचं. बिघडतंय असं दिसलं की गप्प. तू गप्प झालास की हा टॉर्च उचलेल. ‘उचल’ म्हणून ओरडायचं नाही.”

“माहीत आहे,” मी आतून म्हणालो.

“माहीत असू दे, तरी ऐक. गोदीत एकदा आतला ओरडला, उचल! ज्योतीच्या आवाजात ‘उ’ गेला कुठल्या कुठे, बाहेरच्याच्या कानावर पडलं, चल. तो चालला पुढे. अख्खा पत्रा गेला. म्हणून थांबायला शब्दच ठेवायचा नाही.”

पोस्टमास्तर सिलिंडरच्या चावीशी उभे राहिले. आत्या साडूच्या खांद्याशी. तिनं मी केलेला चष्मा लावला होता, ते मला डिकीच्या फटीतून दिसलं. ज्योत पेटली, पत्र्याला टेकली आणि सगळी गाडी घुमायला लागली. आत बसलेल्याला तो आवाज कानांनी नाही, दातांनी ऐकू येतो.

आता हे मी जसं होतं तसं सांगतो. डिकीत पडल्यावर पहिला विचार माझ्या मनात आला तो हाच, की सगळं माझ्या एका शब्दावर आहे. गप्प व्हायच्या वेळी मी एकदा जास्त ‘चल’ म्हणालो की संपलं. बाळानं आत्याच्या गाडीला भोक पाडलं, असं होईल. कुणाला काही कळणारही नाही. विचार आला आणि बसून राहिला. मी त्याला हाकलला नाही.

समोरचा पत्रा काळ्याचा लाल झाला, लालचा नारिंगी, आणि मग त्यातून एक बारीक ओली रेघ बाहेर आली. धार. “चल,” मी म्हणालो. रेघ सरकली. “चल. चल.” मी म्हणेन तशी ती सरकत होती. त्यानं एक तुकडा पुरा केला, थांबला, मी ओलं फडकं दाबलं, पत्रा फसफसला. पुन्हा ज्योत. “चल.” त्याची घाई मला दिसायच्या आधी कळत होती, मी ‘चल’ जरा लांबवला की तो सावकाश व्हायचा. बाहेर तो मला दिसत नव्हता, आत मी त्याला दिसत नव्हतो, आणि तरी असं वाटत होतं की टॉर्च माझ्याच हातात आहे. इतका सुंदर सांधा मी माझ्या आयुष्यात मारला नव्हता. तो विचार कधी उठून गेला मला कळलंही नाही.

मग कोपरा आला. तिथे जुना पत्रा आतून पापुद्र्याएवढा झालेला होता. रेघ एकदम रुंद झाली, पिवळी पडली आणि तिला पोट सुटायला लागलं. त्याच वेळी बाहेर तार संपत आली असणार, कारण टॉर्च रेंगाळला. ते थेंबाचं पोट माझ्या डोळ्यांदेखत खाली लोंबलं. आतोबांची गाडी, आत्याची इतक्या वर्षांची मेहनत, आणि हा पुढचा हुशार माणूस तारेकडे बघतोय. माझं भान गेलं. मी जीव खाऊन ओरडलो.

“उचल!”

थेंब गळून माझ्या बाहीवर पडला. मागून उजेड आला, आणि त्या भोकातून मला साडूचा काळा चष्मा दिसला.

ज्योत विझली. मी बाही झटकत बाहेर आलो. गाडीच्या अंगावर, मडगार्डला टेकून, शर्टाच्या बटणाएवढं भोक होतं.

“तुम्ही चल म्हणालात,” साडू म्हणाला. तक्रार म्हणून नाही. नुसतं आश्चर्यानं.

“मी उचल म्हणालो!”

पोस्टमास्तरांनी चावी बंद केली आणि ते चावीकडेच बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. इतके महिने मी साडूकडे कसा बघत होतो ते सगळ्यांनी पाहिलं होतं. डिकीत मी होतो, शब्द माझा होता, आणि नेमकं कोपऱ्यात ‘चल’ ऐकू आलं होतं. मीसुद्धा त्यांच्या जागी असतो तर हेच धरून चाललो असतो.

“उचल म्हणायचं नाही, हे आत्ताच सांगितलं ना?” आत्या म्हणाली.

“सांगितलंस.”

“मग?”

“सुचलं नाही. मला ती गाडी वाचवायची होती, आत्या.”

तेवढ्यात साडू मध्ये पडला. “आत्या, यांची काही चूक नाही. हे गप्पच झाले होते. मलाच भास झाला. माझाच टॉर्च रेंगाळला.”

“खोटं बोलू नकोस!” मी ओरडलो. “मी गप्प झालो नव्हतो. मी उचल म्हणालो. तू मघाशी म्हणालास ना, चल ऐकलं म्हणून?”

“भास झाला असेल,” तो म्हणाला.

मी नळाशी जाऊन बाही धुवायला लागलो. तो मागोमाग आला. हलक्या आवाजात म्हणाला, “साडूभाऊ, जाऊ द्या. मनावर घेऊ नका. तुमच्या जागी मी असतो तर माझ्याही हातून झालं असतं.”

“काय झालं असतं?”

“तेच.”

त्यानं मला माफ केलं होतं. जे मी केलंच नाही त्यासाठी, मोठ्या मनानं, वर सगळ्यांसमोर स्वतःवर घेऊन. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सांधा त्याचा, आत्या त्याची, आता चांगुलपणाही त्याचाच. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, की त्या क्षणी मी खरा होतो, आणि ती मला कुणालाच दाखवता येत नव्हती. पट्टीसारखी तिची पाठ उलटून दाखवता आली असती तर काय हवं होतं.

“अरे,” आत्यानं शेडमधून हाक मारली.

मी गेलो. ती भोकाच्या कडा घासून साफ करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “उचल म्हणालास ना तू?”

“हो.”

“मग उचल.” तिनं टॉर्चकडे बोट केलं. “भोक भर आणि उरलेला सांधा पुरा कर. बाळ, तू आत जा.”

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता की मला शिक्षा केली होती, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही. टॉर्च मी उचलला. तिच्या हातानं झिजून त्याची मूठ एका बाजूनं गुळगुळीत झाली होती. इतके दिवस जे हवं होतं ते हातात होतं. साडू डिकीत शिरला. त्याला तिथे माझ्याहून जास्त अडचण होत होती, कण्हत कण्हत तो आडवा झाला.

पोस्टमास्तरांनी चावी उघडली. मी ज्योत टेकवली.

“चला,” आतून आवाज आला.

“चल म्हण,” आत्या म्हणाली. “ज्योतीला कोण अहो-जाहो करतं?”

“चल,” तो म्हणाला.

भोकाच्या कडा ओल्या झाल्या. मी तार लावली. थेंब धरला, कडेला चिकटला, मग दुसरा. “चल. चल.” भोक बारीक होत गेलं आणि मिटलं. हात स्थिर होता. आत्या वाकून बघत होती, आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. मी फक्त तो शब्द ऐकत होतो.

आणि मग मला आठवलं की आत तो काय समजून बसलाय. त्याच्या लेखी मी त्याचा सांधा जाळलाय, मुद्दाम, चार माणसांत. आता तो अंधारात आहे, माझा हात त्याच्या शब्दावर आहे, आणि तिथे पडल्यावर मनात काय येतं ते मला चांगलं ठाऊक होतं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण ठाऊक होतं. एक ‘चल’ जास्त. एवढंच लागतं. इतकी सोपी फेड सोडून देणारा माणूस असतो का? मी सोडली असती का?

पत्रा पिवळा पडल्यासारखा वाटला.

“चल,” आतून आलं.

मी टॉर्च उचलला. ओला सांधा मिटून काळा झाला.

“का उचललास?” आत्यानं विचारलं. “नीट चाललं होतं.”

मी पुन्हा टेकवला. पुन्हा लाल, पुन्हा नारिंगी. “चल,” तो म्हणाला. इतका सावकाश, इतका स्पष्ट, पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलाला म्हणावं तसा. मी उचलला. पुन्हा टेकवला. पुन्हा उचलला. सांध्यावर डाग पडत गेले, एकाला दुसरा न चिकटलेले, कोरडे. आत गुडघे मुडपून तो गोल माणूस घामानं भिजत होता आणि त्याचा आवाज जराही चढला नव्हता.

“चल.”

“अरे, तो चल म्हणतोय,” आत्या माझ्या कानाशी म्हणाली. “ऐकू येत नाही का तुला?”

“येतंय,” मी म्हणालो, आणि टॉर्च उचलला.